दोन जुन्या गाड्या आणि जालन्याचा रस्ता

आमच्या देऊळगाव राजाला रेल्वे नाही. जवळचे स्टेशन जालना, तीसेक किलोमीटरवर. कागदोपत्री आम्ही बुलढाणा जिल्ह्यातले, म्हणजे विदर्भातले. पण लग्नाचा बस्ता बांधायचा, मोठा डॉक्टर गाठायचा किंवा रेल्वे पकडायची झाली की पाय मराठवाड्याकडे, जालन्याकडेच वळतात. गावाची ओळख बालाजीच्या मंदिरामुळे. आश्विनातल्या यात्रेला दूरदूरचे लोक येतात. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यातली मुलेही पाळणे बघायला जातात आणि बांगड्यांची, खेळण्यांची दुकाने आमच्यापैकीही कितीतरी जण लावतात. तालुक्यात कपाशी आहे, सोयाबीन आहे आणि अलीकडे भाजीपाल्याच्या बियाण्यांसाठी उभारलेली शेडनेटची पांढरी छपरे आहेत. तालुक्यातले मेहुणा राजा हे गाव संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते.

एवढे सांगण्याचे कारण म्हणजे गेल्या दोन वर्षांत आमच्या घराचा सगळा हिशोब या जालन्याच्या रस्त्यावर येऊन थांबला.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आमच्या अम्मांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगितले. बुधवारी आणि शनिवारी. सुरुवातीला आम्ही एसटीने गेलो. जाताना काही वाटत नसे, कठीण असे ते येणे. चार तास यंत्राला लावून ठेवलेले शरीर बाहेर येते तेव्हा त्यात जीव राहिलेला नसतो. रक्तदाब खाली गेलेला, पायात गोळे आलेले. ज्या हाताच्या शिरेवर शस्त्रक्रिया करून जागा केलेली असते, तो हात जपायचा. बसच्या गर्दीत त्यावर कुणाची पिशवी आपटू नये म्हणून मी माझा हात त्यावर ढालीसारखा धरून उभी राहत असे. नंतर भाड्याची गाडी करू लागलो. महिन्याला आठ-नऊ फेऱ्या म्हटल्यावर माझ्या पगारातला मोठा घास त्यातच जाऊ लागला. तेव्हा मुलांचे अब्बा म्हणाले, "आपलीच एखादी जुनी गाडी बघू या."

नवी गाडी घ्यायची तर कर्ज आले आणि कर्जाबरोबर व्याज. ते घरात आणायचे नाही, हे अम्मांनी आधीच बजावले होते. "माझ्या औषधासाठी घरात सूद आणू नका," एवढेच त्या म्हणाल्या. मग भिशीचे पैसे, थोडी शिल्लक आणि माझी स्कूटी विकून येतील ते, एवढ्यात बसेल ती गाडी. महिनाभराच्या शोधानंतर दोन गाड्या समोर आल्या. एक २००५ ची महिंद्रा कमांडर जीप आणि दुसरी २०१२ ची मारुती ओम्नी, म्हणजे आपण जिला नुसते व्हॅन म्हणतो ती. दोन्ही गाड्या अगदी वेगळ्या जातीच्या. अशा दोन गाड्यांत निवड कशी करायची? आम्ही ठरवले, दोन्ही एकेक दिवस चालवून बघायच्या.

जीपमधून खडकपूर्णेपर्यंत

जीप म्हटले की आमच्या पिढीला काळी-पिवळी आठवते. मी जालन्याला बी.एड. करत होते तेव्हा एसटी चुकली की काळी-पिवळीच. आत समोरासमोर दोन बाके, मध्ये शेतकऱ्यांची पोती, मागच्या पायरीवर लटकलेली पोरे. परवाना दहाएक माणसांचा असला तरी ड्रायव्हर सोळावा प्रवासी येईपर्यंत हलत नसे. सैलानीच्या यात्रेच्या दिवसांत तर टपावरही माणसे असत. त्या जीपने आमच्या भागातल्या मुलींना शिकवले असे मी म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. जिथे दिवसातून दोनच बस जात, त्या खेड्यांतून मुली जीपनेच तालुक्याच्या शाळेत यायच्या.

या जीपमागे एक इतिहासही आहे, तो आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतो. आज आपण जिला महिंद्रा अँड महिंद्रा म्हणतो, ती कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद असे होते. महिंद्रा बंधूंचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले, तिथे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले, पण 'एम अँड एम' ही अक्षरे तीच राहिली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत या कंपनीने अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग जोडून मुंबईत जीप बनवायला सुरुवात केली. आमच्या खेड्यापाड्यांत धावलेल्या कमांडर जीपचे खापरपणजोबा तेच. मी हे सांगितले तेव्हा मुलगा म्हणाला, "अम्मी, म्हणजे कंपनीचीही फाळणी झाली." मी म्हटले, माणसांची झाली तशी तिचीही झाली.

तर ती जीप घेऊन आम्ही चिखलीच्या रस्त्याला लागलो. सुरू करण्याआधी चावी अर्धी फिरवून हीटर तापू द्यायचा, मग स्टार्टर मारायचा. डिझेलचे इंजिन खडखडून जागे झाले तेव्हा शेजारच्या अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. देऊळगाव मही येईपर्यंत रस्ता बरा होता. तिथून खडकपूर्णा धरणाच्या बाजूला आत वळलो. संत चोखासागर नाव दिलेला हा जलाशय पावसाळ्यानंतर आकाशाएवढा दिसतो. आतला रस्ता कच्चा, मधेच चाकोऱ्या, मधेच चिखल. जीपने तिथे आपले खरे रूप दाखवले. खड्ड्यात उतरली, चढली, कुठे अडली नाही. मुलांच्या अब्बांचा चेहरा खुलला होता. गाडी अशी हवी, असे त्यांच्या डोळ्यांत लिहिलेले मला दिसत होते.

परतताना मी चालवायला घेतली. क्लच दाबायला मला सीटवरून पुढे सरकावे लागले. स्टिअरिंग वळवताना खांदे भरून आले. आणि मागे बाकावर बसलेल्या धाकट्या जाऊबाई प्रत्येक खड्ड्याला "या अल्लाह" म्हणत होत्या. पाटे कडक, सीट पातळ. त्या बाकावर अम्मा कशा बसतील? मुळात चढतील कशा? जमिनीपासून मागची पायरी माझ्याच गुडघ्यापर्यंत येत होती.

मग मिस्त्रीचाचांकडे नेली. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण काढले, त्यातून धुराचे भपकारे येतात का ते पाहिले. खाली झोपून चेसिसला कुठे वेल्डिंग आहे का ते चाचपले. इंजिन त्यांना पसंत पडले. "अजून दहा वर्षे मरत नाही," म्हणाले. नंतर त्यांनी दाराचे रबर एका कोपऱ्यात ओढून मला बोलावले. "बेटी, इकडे बघ." वरच्या पांढऱ्या रंगाखाली पिवळा रंग होता आणि पिवळ्याखाली काळा.

मालकाने आम्हाला गाडी 'घरगुती वापराची' म्हणून सांगितली होती. विचारले तेव्हा तो जरा ओशाळला, पण म्हणाला, "भाई, आधी टॅक्सी होती, नंतर घरी वापरली. तुम्ही विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही."

त्याच्या बोलण्यात तसे खोटे काही नव्हते. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

व्हॅनमधून लोणारपर्यंत

व्हॅन एका निवृत्त गुरुजींची होती. गाडी दाखवण्याआधी त्यांनी आम्हाला ओसरीवर बसवले, चहा दिला आणि एका वहीच्या पानावर लिहिलेली यादी वाचून दाखवली. डाव्या बाजूचे सरकते दार अडते, वर उचलून ओढावे लागते. पावसात पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून पाणी येते. मागचा पत्रा चाकाच्या कमानीजवळ गंजला आहे. एकदा मागून बैलगाडीचे जू लागले होते, त्यामुळे बंपर नवा आहे. "आणि ताई," ते म्हणाले, "गॅस किट आहे, ते आरसीवर नोंदवलेले आहे. पण टाकीच्या तपासणीची मुदत संपत आली, ती तुम्हाला करावी लागेल." मुलांचे अब्बा हसून म्हणाले, "गुरुजी, गाडी विकायची आहे ना?" गुरुजी म्हणाले, "विकायची आहे. पण उद्या तुम्ही रस्त्यात भेटलात तर मला तोंड लपवायला लागू नये."

आपल्या दीनमध्ये मालातला ऐब लपवून सौदा करू नये अशी सक्त ताकीद आहे. मी ती लहानपणी मकतबमध्ये ऐकली होती. अमलात आणलेली पाहिली ती त्या दिवशी, बालाजीला रोज जाणाऱ्या एका गुरुजींच्या ओसरीवर.

व्हॅनची कसोटी घ्यायची म्हणून आम्ही लांबचा रस्ता निवडला आणि अम्मांनाच बरोबर घेतले. रविवार होता. आदल्याच दिवशी डायलिसिस झाले होते, पण सकाळी त्या बऱ्या होत्या. सरकते दार उघडले आणि अम्मा कुणाचा हात न धरता आत बसल्या, कारण गाडीचा तळ जमिनीच्या इतका जवळ. मागच्या सीटवर उशी टाकली की त्यांना आडवेही होता येत होते.

पहिला मुक्काम सिंदखेड राजा. आमच्याकडून पंधराएक किलोमीटर. १२ जानेवारी १५९८ रोजी राजमाता जिजाऊंचा जन्म जिथे झाला तो वाडा, आणि त्यांचे वडील लखुजी जाधव यांची दगडी समाधी. आपल्याकडच्या जुन्या मकबऱ्यांच्या ओळखीची घडण डोळ्यांत असेल तर ती चौकोनी, घुमटदार इमारत पाहून क्षणभर थबकायला होते. त्या काळच्या दख्खनमध्ये बांधणारे हात आणि बांधण्याच्या पद्धती वेगवेगळ्या घरांत फिरत असत, याची ती साक्ष. मोती तलावाचा बांधही बघण्यासारखा आहे. शाळेची सहल दरवर्षी इथे येते, मुलांना मी उर्दूत सांगते आणि पाटीवरचे मराठी मोठ्याने वाचून घेते.

पुढे किनगाव राजा, दुसरबीड, बीबी. व्हॅनला बोनेट नाही, इंजिन पुढच्या सीटखाली. त्यामुळे चालवताना रस्ता अगदी पायांखालून येतो असे वाटते. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे छोटे इंजिन, चढावर हळू पडते पण कुरकुरत नाही. क्लच हलका, वळण सोपे. तास-दीड तास चालवूनही माझे खांदे दुखले नाहीत. दुपारी मात्र सीट खालून तापू लागली. उन्हाळ्यात काय होईल ते तेव्हाच कळले.

लोणारला पोहोचलो. काळ्या बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेला तो अजस्र खड्डा, सुमारे १.८ किलोमीटर रुंद, आणि तळाशी खारे पाणी. अबुल फजल यांच्या 'आइन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणारचा आणि तिथल्या खारांचा उल्लेख आहे. काच आणि साबण बनवायला ते खार उपयोगी पडत. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी गुलाबी झाले तेव्हा सगळीकडे गवगवा झाला होता. मीठ वाढले की वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला, असे तपासणीत दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला 'रामसर' पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

अम्मा काठावरच्या दगडी बाकावर बसल्या. खाली उतरणे त्यांना शक्य नव्हते. त्या म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्या वर्षी मामूंच्या गावी जाताना अब्बाजींनी बसच्या खिडकीतून बोट करून दाखवले होते, "त्या बाजूला लोणार आहे, पुढच्या वेळी नेईन." पुढची वेळ यायला पंचेचाळीस वर्षे लागली आणि नेणारे अब्बाजी आज नाहीत. त्यांनी खारे पाणी पाहिले, थोडा वेळ तसबीह फिरवली आणि म्हणाल्या, "चलो, आता घर. जोहरची वेळ टळेल." मी त्यांच्याकडे बघत होते. गेल्या आठ महिन्यांत त्या दवाखाना सोडून कुठेच गेल्या नव्हत्या, हे मला तोपर्यंत सुचलेही नव्हते.

हिशोब

घरी येऊन आम्ही कागदावर दोन रकाने केले.

जीपच्या बाजूने: मजबूत पत्रा, पुढे इंजिन, डिझेल, वाईट रस्त्यावर बिनधास्त, आणि विकायला काढली तर शेतकरी लगेच घेतील. विरोधात: जड, उंच, आदळणारी. पंधरा वर्षांची मुदत संपून २०२० मध्ये पुन्हा पासिंग झालेले, ते पाच वर्षांसाठीच. म्हणजे पुढचे पासिंग तोंडावर. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती, आणि त्यावर पर्यावरण कर वेगळा. किंमतही व्हॅनपेक्षा बरीच जास्त.

व्हॅनच्या बाजूने: बुटकी पायरी, सरकते दार, झोपण्यापुरती जागा, गॅसवर स्वस्त, नोंदणी २०२७ पर्यंत. आणि मी एकटी चालवू शकते. हा शेवटचा मुद्दा मीच लिहिला आणि खाली रेघ ओढली. शनिवारी माझी शाळा सकाळची असते, त्यामुळे दुपारची पाळी मीच सांभाळणार होते. जीप घेतली असती तर प्रत्येक शनिवारी ड्रायव्हर शोधावा लागला असता.

विरोधात मात्र एकच पण फार मोठी गोष्ट होती. व्हॅनला पुढे नाक नाही. समोरून धडक बसली तर चालक आणि धडक यांच्यामध्ये पातळ पत्र्याशिवाय काही नाही. १९८४ पासून चाललेली ही गाडी २०१९ मध्ये नव्या सुरक्षा नियमांच्या वेळी बंद झाली, ती उगीच नव्हे. १ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या शेजारी, सिंदखेड राजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ, समृद्धी महामार्गावर खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ माणसे गेली. त्या सकाळी आमच्या गावात कुणाच्या घशाखाली चहा उतरला नव्हता. वाहनाच्या सुरक्षिततेचा विचार आमच्या भागात आता पुस्तकातला राहिलेला नाही.

मिस्त्रीचाचा दोन्ही बाजू ऐकून म्हणाले, "बेटी, जीप रस्त्यासाठी आहे, व्हॅन माणसासाठी. तुला रस्ता न्यायचाय की माणूस?" मग त्यांनीच अट घातली. व्हॅन पन्नासच्या वर पळवायची नाही, समृद्धीवर चढवायची नाही, रात्री चालवायची नाही, टायर चारही नवे टाकायचे, आणि पुढे बसणाऱ्याने पट्टा लावल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

मुलांच्या अब्बांना जीप सोडताना जड गेले. पण त्यांनी कागद दुमडून खिशात ठेवला आणि म्हणाले, "गाडी अम्मांची आहे. अम्मांना जी चढता येते ती."

आता पैशांचा प्रश्न. माझी स्कूटी घ्यायला एका विद्यार्थिनीचे वडील आले. मुलीला कॉलेजला जायला हवी होती. स्कूटी दिसायला चकचकीत, पण थंडीत बटणावर सुरू होत नसे, आणि मागचा ब्रेक पावसात पकडत नसे. त्यांनी यातले काहीच विचारले नाही. मला जीपच्या मालकाचे वाक्य आठवले, आणि गुरुजींचे वहीचे पानही. मी दोन्ही दोष सांगितले. दोन हजार कमी झाले. तेवढेच दोन हजार आम्हाला गुरुजींना द्यायला कमी पडले. मी जाऊन तसे सांगितले. ते म्हणाले, "पगार झाला की द्या. गाडी आज न्या, शनिवार जवळ आलाय." २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर त्यांनी त्याच दिवशी सह्या केल्या. पहिल्या तारखेला मी पैसे दिले, तेव्हा त्यांनी पावती लिहून दिली आणि वर चहाही पाजला.

आता

व्हॅन घेऊन वर्ष उलटले. तिने काही त्रास दिला नाही असे म्हणणार नाही. उन्हाळ्यात माझे पाय भाजले, पहिल्याच पावसात काचेतून पाणी आले, सरकते दार अजूनही उचलून ओढावे लागते. पण यातले एकही आम्हाला नवे नव्हते. सगळे त्या वहीच्या पानावर होते. ज्या दोषाची आधी कल्पना असते त्याचा राग येत नाही, त्याची सवय होते.

जुनी गाडी घेणाऱ्या भगिनींना माझे एवढेच सांगणे. गाडी बघायला जाताना ओळखीचा मिस्त्री न्या. आरसीवरची नोंदणीची मुदत वाचा. गॅस किट असेल तर ते आरसीवर आहे का ते बघा, नसेल तर विम्याच्या वेळी अडचण येते. दाराचे रबर ओढून खालचा रंग बघा. आणि ज्याच्यासाठी गाडी घेताय त्या माणसाला आधी तिच्यात बसवून बघा. आम्ही घरातली बहुतेक मोठी खरेदी ज्याला वापरायची आहे त्याला सोडून सगळ्यांना विचारून करतो.

अम्मांची तब्येत आता पूर्वीसारखी नाही. परतीच्या वाटेवर त्या बहुधा झोपलेल्याच असतात. जालना मागे पडले की मी आरशात बघते. उशी सरकलेली नाही ना, हात नीट आहे ना, एवढे बघते आणि पुन्हा रस्त्याकडे डोळे लावते. काटा पन्नासच्या खाली असतो. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना मी पुढे जाऊ देते.

आपल्या दुआंमध्ये आमच्या अम्मांना आठवा.